टिंटोंची चौकट घेण्याआधी

अमेरिकेत ‘स्टुडंट अफेअर्स’ हा पदव्युत्तर शिक्षणाचा स्वतंत्र विषय आहे. वसतिगृह, नव्या मुलांचं ओरिएंटेशन, विद्यार्थी संघटना, सल्ला-मार्गदर्शन ही कामं बघणारे बरेच जण त्यात साधारण दोन वर्षांची मास्टर्स करून येतात. या क्षेत्रात ज्या पुस्तकांना टाळून पुढे जाता येत नाही, त्यांत व्हिन्सेंट टिंटो यांचं ‘लीव्हिंग कॉलेज’ (१९८७) येतं. तुम्ही गळतीवर पीएचडी करणार असाल, तर ते तुमच्याही टेबलावर येणारच.

आधी श्रेय देऊ. मूल कॉलेज सोडतं ते हुशारी किंवा चिकाटी कमी पडली म्हणून, ही समजूत टिंटोंनी हलवली. कॉलेजच्या अभ्यासात आणि तिथल्या माणसांत विद्यार्थी किती मिसळतो, हा प्रश्न त्यांनी मध्यभागी आणला. या मिसळण्यालाच ते ‘इंटिग्रेशन’ म्हणतात.

पण ही कल्पना आली कुठून, हे बघा. एक धागा दुर्खीमच्या आत्महत्येवरच्या अभ्यासातला (१८९७). दुसरा वान गेनेपच्या संस्कारविधींच्या मांडणीतला (१९०९): जुन्या समूहापासून वेगळं होणं, मधला काळ, मग नव्या समूहात सामावणं. गोची इथेच आहे. विल्यम टिअर्नी यांनी १९९२ मध्ये नेमकं बोट ठेवलं, की असे विधी एकाच संस्कृतीच्या आत होतात. आपल्या भाषेत सांगायचं तर, मुंजीतून कुणाची ‘गळती’ होत नाही आणि मुंज लावायला कुणी परक्यांकडे जात नाही. अमेरिकेतल्या आदिवासी समाजातली मुलगी गोऱ्यांच्या वळणाच्या कॉलेजात येते, तेव्हा तो संस्कारविधी नसतो. तरी ती परत गेली की ‘मिसळली नाही’ हा शेरा तिच्या नावावर, आणि कॉलेज नामानिराळं.

टिंटोंनी १९९३ च्या आवृत्तीत घर, नोकरी अशा बाहेरच्या जबाबदाऱ्या मॉडेलमध्ये घेतल्या. ही सुधारणा खरी आहे, पण केंद्रस्थानी ‘इंटिग्रेशन’च राहिलं.

आता तुमचं काम. समजा, या मॉडेलवरून प्रश्नावली करून तुम्ही तालुक्याच्या कॉलेजात वाटली. ‘कॉलेजच्या कार्यक्रमांत किती वेळा भाग घेता?’ जिची शेवटची एसटी पाचला सुटते, ती ‘कधीच नाही’वर खूण करणार. तुमच्या तक्त्यात तिचं इंटिग्रेशन कमी. कार्यक्रम साडेचारला कुणी ठेवला, याला मात्र तक्त्यात रकानाच नाही! उद्या तुमच्या शिफारशी वाचून कॉलेज तिला समुपदेशनाला पाठवेल. कार्यक्रमाची वेळ तीच राहील.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये ‘सैद्धांतिक चौकट: टिंटो’ एवढं लिहून पुढे सरकू नका. ही चौकट बदलायची जबाबदारी कुणावर टाकते, ते आधी तपासा. आणि प्रश्नावली विद्यार्थ्यांना देताना एक प्राचार्यांसाठीही तयार ठेवा.