तक्त्यातला नळ आणि शहाद्यातली बादली

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ सालच्या तक्त्यात हात धुण्याची कृती उत्तम रेखाटली आहे. अंगठे, बोटांच्या बेचक्या, काहीच सुटलेले नाही. वेळ ४० ते ६० सेकंद. आमचा आक्षेप शेवटच्या चित्रांना आहे. एकदाच वापरायच्या टॉवेलने हात पुसून त्यानेच नळ बंद करा, असे ती सांगतात. शहाद्याकडे भर उन्हाळ्यात एखाद्या उपकेंद्राचा नळ कोरडा पडला, तर बाळंतपण करणाऱ्या परिचारिकेने काय करावे? मग उचलताच धुतलेला हात पुन्हा मळतो. प्रश्न किरकोळ नव्हे. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइसने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केल्यावरच तेथील बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. दुसऱ्याने वरून धार धरल्याचे किंवा तोटीच्या पिंपाचे एक चित्र तक्त्यात सहज मावले असते. संघटनेचेच ८० टक्के इथेनॉलचे द्रावण पाण्यावाचून चालते खरे, पण रक्ताने माखलेल्या हातांना साबण-पाणीच लागते.