दिवसाचा प्रकाश आणि नफ्याचा हिशेब

इमारतीत दिवसाचा प्रकाश यावा, हे सिद्ध करण्यास वस्तुतः युक्तिवादाची गरज पडू नये. परंतु इमारतीवर पैसा खर्च करणारा आणि तीत दिवसभर काम करणारा हे बहुधा एक नसतात. त्यामुळे प्रकाशाचे महत्त्व धनिकास नफ्याच्या भाषेत पटवून देण्याचा प्रघात पडला आहे. या प्रघाताचा मुख्य आधार म्हणजे कॅलिफोर्नियातील हेशाँग माहोन ग्रूप या संस्थेचे संशोधन होय. त्याचे मूल्यमापन येथे करावयाचे आहे.

१९९९ साली या संस्थेने एकाच व्यापारी पेढीच्या १०८ दुकानांचा अभ्यास केला. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश दुकानांच्या छतांत प्रकाशासाठी झरोके होते. इतर कारणांचा परिणाम गणिताने वेगळा काढल्यावर झरोक्यांच्या दुकानांत विक्री सुमारे ४० टक्के अधिक असल्याचे दिसले. हा आकडा पुढे सर्वत्र उद्धृत झाला. मात्र २००३ साली त्याच संस्थेने दुसऱ्या पेढीची ७३ दुकाने तपासली, तेव्हा सरासरी वाढ ० ते ६ टक्केच आढळली. शिवाय ती वाहनतळाच्या विस्तारावर अवलंबून होती. वाहने उभी करण्यास जागा अपुरी असेल, तेथे झरोक्यांचा लाभ दिसेना.

आपलाच गाजलेला निष्कर्ष पुन्हा कसोटीस लावून त्याची मर्यादा प्रसिद्ध करणे, ही संशोधकांची सचोटी प्रशंसनीय आहे. दोष आहे तो पहिला आकडा उचलून दुसरा विसरणाऱ्यांचा. दुकानांच्या तुलनेतून सहसंबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. आणि एका पेढीचा अनुभव हा सर्व इमारतींचा नियम नव्हे.

याहून गंभीर आक्षेप तत्त्वाचा आहे. प्रकाशाचा कैवार केवळ विक्रीच्या आकड्यावर उभारला, तर आकडा घसरताच तो कैवारही कोसळतो. शून्य टक्के वाढ दिसली म्हणून झरोके बुजवावेत काय? दिवसभर तेथे उभ्या राहणाऱ्या नोकराच्या डोळ्यांस मिळणारा विसावा विक्रीच्या हिशेबात कोठेच येत नाही.

याचा अर्थ हिशेब मांडूच नये असा नव्हे. विजेची बचत मोजता येते. मात्र बाहेर उजेड असताना आतील दिवे मंदावण्याची सोय असेल तरच ती पदरी पडते. काचेतून येणारी उष्णता आणि डोळे दिपविणारी तिरीप यांचा खर्चही त्याच वहीत लिहिला पाहिजे. अशा प्रामाणिक हिशेबात प्रकाशाची बाजू भपकेबाज दिसणार नाही, परंतु ती टिकेल. माणसाच्या हिताला नफ्याचा आधार मिळाला तर तो अवश्य घ्यावा. मात्र नफा हीच त्या हिताची अट ठरू देऊ नये.