मोठ्या वाद्याचा हलका स्वर

घरात नवी वस्तू आली की ती चारचौघांना दाखवल्यावाचून चैन पडत नाही. आमच्या वरवे बुद्रुकला भजनासाठी नवी पेटी आली, तेव्हा पहिल्या रात्री ती अशी काही वाजली की गाणाऱ्या बुवांचा आवाज कुणाच्या कानी गेलाच नाही! यात गैर काही नाही; नव्याची हौस ती. पण कलावंतानेही तेवढ्यावरच समाधान मानावे काय? या प्रश्नाने मला सेझार फ्रांक या संगीतकाराची एक रचना आठवली.

पॅरिसच्या सेंट क्लोटिल्ड चर्चमध्ये १८५९ साली नवा ऑर्गन बसला. तो बांधला कावाये-कोल या नामांकित कारागिराने. आपल्या पेटीत धातूच्या पट्ट्या बोलतात. या ऑर्गनमध्ये वारा लहानमोठ्या नळ्यांतून घुमतो. कोणत्या नळ्यांना वारा द्यायचा हे खुंट्या ओढून ठरवायचे. अशा ४६ खुंट्या तेथे होत्या. साऱ्या ओढल्या तर भिंती थरारतील, असे ते वाद्य! वादक म्हणून फ्रांक त्याच्यापुढे बसला आणि त्या काळात त्याने ऑर्गनसाठी सहा रचना केल्या. त्यांत एक विस्तीर्ण, गर्जणारीही आहे. मला मात्र मोह पडतो तो ‘प्रेल्यूड, फ्यूग आणि व्हेरिएशन’ या शांत रचनेचा.

आरंभी एकच उदास चाल, झोपाळ्याच्या लयीत, हळू पुढे सरते. मग फ्यूग येतो. दिंडीत एकाने म्हटलेला चरण मागच्याने उचलावा, तसा एक सूर दुसऱ्याची चाल उचलतो. पहिला मात्र न थांबता वेगळे काही गात सोबत राहतो. शेवटी मूळची चाल परतते, पण आता तिच्याखाली ओढ्याच्या पाण्यासारखे स्वर वाहत असतात.

खरे सांगायचे तर मधला फ्यूग मला जरा शिस्तीचा वाटतो. शाळामास्तरने मांडलेल्या गणितासारखा. पण तो गाळून पाहावा, म्हणजे त्याचे मोल कळते. मधली वाट तुडवल्याखेरीज परतलेली चाल माहेरी आल्यासारखी वाटत नाही.

ही शांतता दारिद्र्याची नव्हे. ज्याच्याजवळ एकच खुंटी आहे त्याने हळू बोलणे हा नाइलाज; ४६ जवळ असून मोजक्याच ओढणे हा निर्णय. पुढे फ्रांकने हीच रचना हार्मोनियम आणि पियानोसाठीही लिहिली. ज्या हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्येच घेतले गेले, तीच आपल्या पेटीची पूर्वज! तिच्यावरही ही चाल तग धरते, कारण तिचे सौंदर्य वाद्याच्या आकारावर उभे नाही.

आपल्या रंगभूमीला हा विचार परका नाही. गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे पायपेटीचा ऑर्गन वाजवीत. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ऐकाव्यात. ऑर्गन गळ्यामागून सावलीसारखा चालतो. सावली माणसापुढे धावू लागली तर गाणे संपलेच म्हणायचे.

आमच्या भजनात हल्ली पेटी निवळली आहे. परवा बुवांनी शेवटचा चरण अगदी हलका घेतला, आणि वाजवणाऱ्या पोराने आपण होऊन भाता मंद केला. देवळात क्षणभर कुणी खोकलेसुद्धा नाही. पेटी खऱ्या अर्थाने आमची झाली ती त्या रात्री.