सहा वर्षांची सहप्रवासिनी

बदलीचा हुकूम हाती पडला की आपणां नोकरदारांच्या घरात पहिला प्रश्न निघतो तो मंडळींना बरोबर न्यावयाचे की मागे ठेवावयाचे, हा. माझी नेमणूक लेहला झाली तेव्हा मुलगी साडेपाच वर्षांची होती. साडेअकरा हजार फुटांची उंची, हिवाळ्यात गोठणारे नळ, लांबलचक बंद राहणारी शाळा, अशी कारणे मीच पुढे केली आणि त्या दोघी नागपुरास राहिल्या. त्या पहिल्याच हिवाळ्यात डर्व्हला मर्फी या आयरिश लेखिकेचे ‘व्हेअर दि इंडस इज यंग’ हे १९७७ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक हाती आले. ते मी तटस्थपणे वाचू शकलो नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

१९७४-७५ च्या हिवाळ्यात ही बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलीला, रेचलला, घेऊन बाल्टिस्तानात गेली. पोलो खेळून निवृत्त झालेले हॅलम नावाचे एक तट्टू घेतले. मुलगी तट्टावर, आई पायी. अशा रीतीने सिंधूच्या घळीतून व आसपासच्या खोऱ्यांतून त्या तिघांनी तीन महिने काढले. लेहच्या खालून वाहणारी सिंधू पुढे तिकडेच जाते. १९४७-४८ च्या युद्धानंतर माणसांची वाट मात्र तुटली. त्यामुळे त्या पुस्तकातील बर्फ, वाळलेले जर्दाळू आणि थंडीने जखडलेली खेडी मला परकी वाटली नाहीत. परका वाटला तो त्या आईचा निर्धार.

गिर्यारोहणाच्या पाश्चात्त्य पुस्तकांत बहुधा एक मोजपट्टी ठरलेली असते: किती उंची गाठली, कितवा तळ पडला, शिखर किती राहिले. मर्फीबाईंच्या पुस्तकात ती मोजपट्टीच बदलली आहे. दिवसाची मजल किती, हे मुलीची ताकद, तट्टाचा चारा आणि रात्रीचा निवारा ठरवितात. डोंगर जिंकावयाचा नसतो, संध्याकाळपर्यंत ओलांडून मुलीला ऊब मिळेल अशा जागी पोहोचावयाचे असते. रोजनिशीचे रूप या विषयाला शोभते, कारण उद्याचे काहीच ठाऊक नसलेल्या माणसाचे ते लेखन आहे.

परंतु पुस्तकाचा खरा प्राण रेचलचे प्रश्न आहेत. आई दरीकडे पाहत विचारांत बुडावी आणि तट्टावरून एक नवा प्रश्न यावा, हे येथे सतत घडते. लेखिका त्याने त्रासते आणि ते लपवीतही नाही. माझ्या मते या प्रश्नांनीच पुस्तकाला वाचविले आहे. आपल्याकडील पुष्कळ हिमालयवर्णनांत शिखर दिसताच लेखक उपनिषदांच्या आश्रयास जातो व पुढील दोन पृष्ठे वाचकाला एकट्यालाच चालावे लागते. सहा वर्षांचे मूल बरोबर असले की ही सोय उरत नाही.

आता दोषाचे बोलू. कड्याला चिकटलेल्या, ढासळत्या वाटांची वर्णने या पुस्तकात वारंवार येतात. लेखिकेचे लक्ष अशा वेळी दरीवर असते; वाचकाचे तट्टावर. रेचल कणखर आहे हे आईच सांगते, आणि लेखणी आईच्याच हाती असल्याने त्यावर दुसरी साक्ष नाही. भीती कोणाची, जोखीम कोणाची, आणि ती पत्करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न ही धीट लेखिका स्वतःला पुरेसा विचारीत नाही. त्याचे उत्तर दुसरीकडे सापडते. ‘व्हील्स विदिन व्हील्स’ या १९७९ च्या आत्मचरित्रात तिने लिहिले आहे, की संधिवाताने जखडलेल्या आईच्या शुश्रूषेसाठी चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि १९६२ मध्ये आई वारल्यावर, तिशीत, ती मोकळी झाली. जिचे तारुण्य एका घरात कोंडले गेले, ती मुलीसाठी पुन्हा दार लावून घेणार नाही, हे उघड आहे. म्हणजे मुलीला नेले ते मुलीच्या भल्यापेक्षा आपल्या गरजेपोटी. यात निंद्य काहीच नाही. बाल्टिस्तानच्या पुस्तकात ते स्वच्छ शब्दांत आले असते तर मला ते अधिक मोठे वाटले असते.

उलट बाजूचे पुस्तक म्हणजे पीटर मॅथिसन यांचे ‘द स्नो लेपर्ड’ (१९७८). पत्नी कर्करोगाने गेल्यानंतर, १९७३ साली, आठ वर्षांच्या मुलाला घरी ठेवून हे गृहस्थ नेपाळातील डोल्पोत शेय गोम्पापर्यंत गेले. नोव्हेंबरअखेरच्या सणाला परत येईन, असे मुलाला दिलेले वचन त्यांना पाळता आले नाही. गद्य म्हणून ते पुस्तक मर्फीबाईंच्या पुस्तकाहून कितीतरी वरचे. पण त्यातील सारी शांती त्या न पाळलेल्या तारखेपाशी अडखळते. मागे मुले ठेवून आलेल्या माणसाने ते बेताबेताने वाचावे.

आणि मूलच मोठे होऊन लिहू लागले तर? आपल्या पंडिता रमाबाईंनी ते केले आहे. १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. काही महिन्यांच्या असतानाच वेताच्या पेटीत घालून त्यांना डोंगराखाली आणले गेले आणि कुटुंबाची तीर्थाटने सुरू झाली. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली; भाऊ व त्या चालतच राहिल्या. १९०७ च्या आपल्या साक्षीत रमाबाई हे सांगतात तेव्हा आवाज चढवीत नाहीत. आईवडिलांविषयी प्रेम आहे, आदर आहे, आणि त्यांच्या श्रद्धेची किंमत मुलांनी कशी मोजली याचा हिशेबही आहे. रेचलच्या बाजूचे जे पृष्ठ मर्फीबाईंकडे कोरे राहिले, ते कसे लिहिले जाऊ शकते हे येथे कळते. अर्थात हौसेची पायपीट आणि दारिद्र्याची पायपीट एका तागडीत घालता येत नाही. बाल्टी मुलांनीही तोच हिवाळा काढला होता, आणि त्यांना परतीचे तिकीट नव्हते.

लेखिका २०२२ साली निवर्तली. तिचे ‘एट फीट इन दि अँडीज’ (१९८३) हे पेरूमधील तेराशेहून अधिक मैलांच्या वाटचालीचे पुस्तकही मिळाल्यास अवश्य वाचावे. तेथे रेचल नऊ वर्षांची आहे आणि तट्टाच्या जागी हुआना नावाची खेचरी आहे.

बाल्टिस्तानची प्रत मी नागपुरास सौ.कडे पाठविली होती. ती परत आली तेव्हा समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. बहुतेक रेचलच्या प्रश्नांपाशी, दऱ्यांच्या वर्णनापाशी एकही नाही. उन्हाळ्याच्या सुटीत दोघी लेहला येणार आहेत. हिवाळ्याचे अजून ठरलेले नाही.