आनंदीबाईंमधली विद्यार्थिनी

श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’बद्दल आम्हांला आदर आहे, तरी एक तक्रार आहे. शीर्षकातच नवरा-बायको आहेत आणि कादंबरीचा सगळा ताणही त्यांच्या संसाराचा. फिलाडेल्फियातली विद्यार्थिनी मात्र मागे राहते.

१८८३ साली नुकतंच अठरावं पूर्ण केलेली मुलगी नवऱ्याशिवाय बोटीवर चढली. तिची थंडी, तिची साडी, तिचा शाकाहार, हे आपण हळहळून सांगतो. बरं, पण ती तिथे शिकत काय होती? १८८६ च्या पदवीसाठी तिनं प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. चौदाव्या वर्षी जिचं मूल दहा दिवसांत गेलं, तिनं हा विषय निवडला! घरचा प्रश्न आणि घरचं ज्ञान, दोन्ही तिनं परक्या परीक्षकांपुढे ठेवलं. परदेशी शिकणं म्हणजे नुसतं घेणं नव्हे, ते हे.

बावीस पूर्ण होण्याआधीच ती गेली. त्या मरणावर आपण रडलो; प्रबंध किती जणांनी उघडला? जन्मभर प्रबंध तपासणाऱ्या आम्हीही तो फार उशिरा वाचला. म्हणून ही तक्रार कादंबरीपेक्षा आपल्या वाचण्याबद्दल अधिक आहे.