वेस, वेसकर आणि राक्षस

गेल्या वर्षी माझ्या वर्गातली चार-पाच मुले 'गेम ऑफ थ्रोन्स' ही इंग्रजी मालिका मोबाईलवर पाहत होती. आठ पर्वांची ही मालिका २०११ ते २०१९ या काळात आली. देवणीपर्यंत यायला तिला वेळ लागला इतकेच. राजेरजवाडे आणि आग ओकणारे प्राणी मुलांना आवडतच होते, पण त्यांचा खरा जीव जडला होता तो भिंतीवरच्या काळ्या वेशातल्या पहारेकऱ्यांवर. मीही ती पाहिली. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ज्या कादंबरीमालेवर ती बेतली आहे, तिच्यातली १९९६ ची पहिली कादंबरी शब्दकोश जवळ ठेवून वाचली. वाचताना मला सारखा माझा आजा आठवत राहिला. तो गावचा वेसकर होता.

कल्पनारम्य साहित्य म्हणजे सुखवस्तूंची पळवाट, असे म्हणून ते झटकून टाकण्याची सवय आपल्या समीक्षेला आहे. मला ती मान्य नाही. समाज स्वतःबद्दल जे उघड बोलत नाही ते तो राक्षसांच्या गोष्टीत बोलून जातो. म्हणून राक्षस कोण, त्याच्यापासून कोणाचे रक्षण चालले आहे आणि रक्षण करणाऱ्याला रात्री भाकरी कोण देतो, हे प्रश्न अशा गोष्टीला विचारलेच पाहिजेत.

मार्टिन यांच्या कथेत राज्याच्या उत्तर टोकाला बर्फाची सातशे फूट उंच आणि सुमारे तीनशे मैल लांब भिंत आहे. अलीकडे शेती, किल्ले, वस्ती. पलीकडे रान, थंडी आणि मेलेल्यांना उठवून चालवणारे हिमराक्षस. भिंतीवर पहारा देणारे शपथ घेतात की आम्ही लग्न करणार नाही, जमीन घेणार नाही, मूल जन्माला घालणार नाही, मरेपर्यंत पहारा देऊ. हे पहारेकरी येतात कुठून? तुरुंगातून काढलेले चोर, अनौरस मुलगे, हरलेल्या बाजूचे लोक. म्हणजे वस्तीला जे घरात नकोत, त्यांनाच वस्ती आपल्या सीमेवर उभे करते. लेखकाला ही कल्पना इंग्लंडमधली रोमन सम्राट हेड्रियनची भिंत पाहून सुचली, असे त्याने सांगितले आहे. आपल्याला इतक्या लांब जायचे कारण नाही.

बाबासाहेबांचा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यातली उपपत्ती थोडक्यात अशी : माणसांच्या काही टोळ्या शेती करून स्थिर झाल्या, काही भटक्याच राहिल्या. भटक्या टोळ्या स्थिर वस्त्यांवर धाडी घालीत. टोळ्याटोळ्यांच्या लढायांत ज्यांची वाताहत झाली ते पांगलेले लोक निराधार होऊन हिंडू लागले. मग सौदा झाला. पांगलेल्यांनी गावाची राखण करायची, गावाने त्यांना अन्न आणि आसरा द्यायचा. पण ते परक्या रक्ताचे, म्हणून त्यांचे घर गावात नको. आणि धाड बाहेरून येते, म्हणून राखणदार बाहेरच बरा. आयर्लंड आणि वेल्समध्येही असे बाहेर बसवलेले लोक होते, याचे दाखले बाबासाहेबांनी दिले आहेत. तिथे ते कालांतराने समाजात मिसळून गेले. इथे मिसळले नाहीत, कारण इथे मधे अस्पृश्यता आली, आणि तिची कारणे बौद्ध धर्म व गोमांस यांच्या प्रश्नात शोधावी लागतात, असे ते मांडतात.

या उपपत्तीला थेट पुरावा किती, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. पण प्रस्तावनेतच बाबासाहेबांनी स्पष्ट केले आहे की जिथे इतिहासाचे दुवे गहाळ आहेत तिथे अनुमान आणि कल्पनाशक्ती यांनी ते जोडण्याचा अभ्यासकाला अधिकार आहे. ज्यांच्या पूर्वजांची बखर कोणी लिहिली नाही त्यांना कल्पनाशक्ती ही चैन नसते. मार्टिन यांची भिंत ही करमणुकीसाठीची कल्पना आहे, बाबासाहेबांची वेस ही हरवलेल्या माणसाच्या शोधासाठीची. दोन्हीकडचा माणूस मात्र एकच आहे : आत घेतला न गेलेला राखणदार.

आता फरक पाहू. भिंतीवरच्या पहारेकऱ्याला तलवार आहे, हुद्दा आहे, मेल्यावर सोबत्यांचे चार शब्द आहेत. माझ्या आजाला घुंगरकाठी आणि घोंगडी होती. रात्रभर वेशीत बसायचे, परका माणूस आला तर पाटलाला वर्दी द्यायची, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचे, कुणी मेले की सांगावा घेऊन चालत जायचे. गावाची शीव कुठून कुठे जाते हे त्यालाच ठाऊक, म्हणून शिवेच्या भांडणात शब्द त्याचा. आणि दिवस मावळला की त्याच गावात दारोदार उभे राहून शिळी भाकर मागायची, सावली पडू न देता. त्र्यं. ना. आत्रे यांनी 'गाव-गाडा' (१९१५) या पुस्तकात या कामांची नोंद केली आहे, पण ती गाड्यावर बसलेल्याच्या नजरेने. वेसकराची खरी रात्र पाहायची तर शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' वाचावे. विहिरीतल्या प्रेतावर पहारा करणारा आणि शेवटी ते काढायला विहिरीत उतरावे लागणारा बाप तिथे भेटतो. त्या बापासमोर कोणताही हिमराक्षस नाही. त्याच्यासमोर पोलीस आहे, आणि गाव आहे.

बीदर आमच्या देवणीपासून दूर नाही. महारांना मिळालेल्या बावन्न हक्कांची दंतकथा त्याच बीदरच्या बादशहाशी जोडलेली आहे. शत्रूने पळवलेल्या बेगमेला सोडवायला अमृतनाक महार निघाला. निघताना त्याने एक बंद डबी बादशहाकडे ठेवायला दिली. बेगमेला घेऊन तो परतला तेव्हा दरबारात संशय निघाला, आणि डबी उघडली तर आत त्याने स्वतःच कापून ठेवलेले आपले पुरुषत्व होते. बक्षीस म्हणून त्याने जातीसाठी बावन्न हक्क मागून घेतले. आजा ही गोष्ट अभिमानाने सांगे. मला ती ऐकताना लहानपणापासून पोटात गोळा येतो. भिंतीवरच्या पहारेकऱ्यांची लग्न न करण्याची शपथ वाचली तेव्हा तोच गोळा पुन्हा आला. राखणदारावर विश्वास नसतोच. त्याने आधी स्वतःला खच्ची करून दाखवावे लागते. आणि बदल्यात काय? मेलेल्या ढोराची कातडी, प्रेतावरचे कापड. या 'हक्कां'तून माणूस बाहेर काढण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक आणले. आम्ही निजामाच्या मुलखात, आम्हाला त्याचा उपयोग नव्हता. आजा त्यानंतर कितीतरी वर्षे वेशीतच बसला.

भिंतीचीच गोष्ट निघाली आहे तर चोखोबांना विसरता येत नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम वेठीने चालले असताना ते कोसळले आणि १३३८ साली चोखोबा त्याखाली गेले, असे परंपरा सांगते. ज्या भिंतीच्या आत राहायला जागा नाही ती बांधताना मरणे, एवढा उपहास मार्टिन यांच्या हजार पानांत मला सापडला नाही.

तरीही एका बाबतीत ही परकी कादंबरी आपल्याला काही शिकवते, आणि ते आपल्याला बोचेल. तिथे भिंत बांधली होती हिमराक्षसांसाठी. पण पिढ्यान् पिढ्या राक्षस दिसलेच नाहीत, तेव्हा पहारेकरी पलीकडच्या रानात राहणाऱ्या माणसांशीच लढत बसले. त्यांना ते रानटी म्हणतात. ती माणसे स्वतःला मुक्त लोक म्हणवतात. पहाऱ्याचा तरुण नायक अखेर वेस उघडून त्या माणसांना आत घेतो, आणि त्याबद्दल त्याचेच भाऊबंद त्याला भोसकतात.

मी हा प्रसंग वर्गात सांगितला. आजाचेही सांगितले : रात्री रानाकडून पारधी आल्याची चाहूल लागली की तो काठी आपटून गाव कसा जागा करी, आणि एकदा एकाला धरून दिल्याचे तो म्हातारपणीही कसे फुशारकीने सांगे. मुले हसली. मागच्या बाकावरचा एक मुलगा हसला नाही. तो पारधी वस्तीवरून येतो. तास संपल्यावर जवळ येऊन म्हणाला, "सर, तुमचे आजोबा पहारा करीत होते. मग माझे आजोबा त्या गोष्टीतले कोण?"

मला उत्तर सुचले नाही. बाबासाहेबांच्या उपपत्तीत धाड घालणारे भटके आहेत. ते कोण होते, पुढे त्यांचे काय झाले, हा भाग आपण पुढे नेला नाही. १८७१ च्या इंग्रजांच्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, आणि स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, तो शिक्का कागदावरून गेला. लोकांच्या नजरेतून गेला नाही. आपल्याच लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचा 'उचल्या' १९८७ साली आला, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. त्यात रात्री दार ठोठावणारा राक्षस हा खाकी कपड्यातला आहे. त्या पोलिसाला वाट दाखवणारा गावचा माणूस कोण असे, हे मी आजवर वर्गात विचारले नव्हते. तो माझा आजाही असू शकतो.

यात आजाला आरोपी करायचे नाही. उपाशी राखणदाराने दुसऱ्या उपाश्याला धरून द्यावे, अशीच ती रचना होती. १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावर मराठवाडाभर वस्त्या जळाल्या तेव्हा आग लावणारे रानातून आले नव्हते, वेशीच्या आतून आले होते. शेकडो वर्षे आपण तोंड रानाकडे करून बसलो होतो.

जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) राक्षस या शब्दाच्या मुळाशी रक्षक पाहिला आणि म्हसोबात बळीच्या राज्यातला महासुभा ओळखला. भाषाशास्त्राचे पंडित यावर नाक मुरडतात. पण खुद्द रामायणाच्या उत्तरकांडातही 'आम्ही रक्षण करू' असे म्हणाले ते राक्षस झाले, अशीच कथा आहे. एकदा कामाला लावले की त्याच कामाचे नाव शिवीसारखे वापरायचे, ही रीत जुनी आहे.

त्या मुलाला मी 'उचल्या' दिले. पुढच्या आठवड्यात त्याने ते परत आणले आणि म्हणाला, "सर, आता तुमच्या आजोबांची गोष्ट लिहा. पण त्यांनी धरून दिलेल्या माणसाचे नाव शोधून लिहा." आजा जाऊन बारा वर्षे झाली. त्या माणसाचे नाव घरात कोणालाच माहीत नाही. येत्या सुट्टीत त्या मुलाबरोबर त्याच्या वस्तीवर जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारायचे ठरवले आहे.