ईथरकॅल्क : सामाईक तक्ता आणि अनाम लेखक

१९७९ साली ॲपल-२ या यंत्रावर आलेल्या व्हिजिकॅल्कचे एक निर्माते डॅन ब्रिकलिन यांनीच पुढे सोशलकॅल्क रचले व त्याच्या पायावर तैवानच्या ऑड्रे टँग यांनी ईथरकॅल्क उभारले. अनेकांनी एकाच वेळी भरावयाचा हा तक्ता परक्या कंपनीच्या यंत्रावर न ठेवता स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवर ठेवता येतो. बोलींच्या पाहणीतील शब्दसूची, निवेदकांची गावे व वये अशी सामग्री ज्या विभागाला सांभाळावयाची असते, त्याच्या दृष्टीने हे आकर्षण सामान्य नव्हे.

ह्या प्रणालीची खरी मौज तिच्या साठवणीत आहे. अमुक चौकटीत अमुक मजकूर घाल, अमुक ओळ काढ, अशा आज्ञांची साखळी ती जतन करते. दिसणारा तक्ता हा त्या साखळीचा केवळ फलितार्थ होय. (मधूनमधून संपूर्ण तक्त्याची प्रत घेऊन साखळी आखूड केली जाते, एवढेच.) येथे वाक्ये आहेत, त्यांचा क्रम आहे, परंतु वक्ता नाही. आज्ञा कोणी दिली ह्याची नोंदच होत नाही. दोघांनी एकाच चौकटीत लिहिले तर सर्व्हरकडे नंतर पोहोचलेले टिकते. ‘ळ’चा ‘ल’ कोणी केला, निवेदकाने, टिपणाऱ्याने, की शुद्धलेखनाच्या उत्साहात तिसऱ्याच कोणी, हा प्रश्न ज्या शास्त्रात निर्णायक ठरतो तेथे ही उणीव गौण मानता येत नाही.

स्थापनेची कृती विलक्षण आखूड आहे. नोड-जेएस व त्याच्यासोबतचे एनपीएम असले की एका आज्ञेत प्रणाली उतरते आणि सुरू केल्यावर ८००० क्रमांकाच्या पोर्टवर उभी राहते. हे आखूडपण फसवे आहे. जोडीला रेडिस नसेल तर सर्व तक्ते एका साध्या फाइलीत लिहिले जातात. रेडिस असले तरी मूळ मांडणीत ते काही अंतरानेच डिस्कवर लिहिते. वीज गेली की मधल्या काही मिनिटांचे काम बुडू शकते. एओएफ ही सलग नोंद चालू केल्यास हानी सामान्यतः सेकंदभराच्या कामावर येते, पण ती मुद्दाम चालू करावी लागते.

खाती नाहीतच. ज्याला तक्त्याचा पत्ता ठाऊक, तो लिहू शकतो. ‘की’ हा पर्याय देऊन प्रणाली सुरू केली तर लिहिण्यावर बंधन येते. वाचणे मात्र त्याने रोखले जात नाही. म्हणून प्रणालीला स्वतंत्र, मर्यादित अधिकारांचा वापरकर्ता देणे, ८००० हे पोर्ट बाहेरून बंद ठेवणे, आणि पुढे एनजिन्क्स ठेवून परवलीचा शब्द व एचटीटीपीएस त्याच्याकडे सोपविणे, ही कामे स्थापनेचाच भाग होत. ती परिशिष्टात ढकलण्याजोगी नव्हेत. परवलीचा शब्द सर्वांना एकच दिला तर लेखक पुन्हा अनामच राहतो. व्यक्तिगणिक वेगळा दिल्यास कोण केव्हा आले एवढे तरी एनजिन्क्सच्या नोंदीत उरते. कोणत्या चौकटीत कोणी काय बदलले, हे तेथेही सापडत नाही.